बूटेबल पेनड्राइव्ह : घोडे नेमके कुठे पेंड खाते?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि एरवी धडधाकट असलेल्या अनेक संगणकांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या मालकांसमोर उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. या अटींत न बसणाऱ्या यंत्रावर कुणी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत संगणकप्रणाली टाकून पाहतो, तर कुणी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतो आणि पुन्हा नव्याने विंडोज टाकतो. या सगळ्यांची सुरुवात एका बूटेबल, म्हणजे ज्यावरून संगणक थेट सुरू करता येतो अशा, पेनड्राइव्हपासून होते आणि पहिली अडचणही बहुधा तिथेच येते.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू झाला नाही की बहुतेक लोक तोच पेनड्राइव्ह पुन्हा तयार करतात, मग दुसऱ्या सॉफ्टवेअरने तयार करतात, मग आयएसओ फाइल (संगणकप्रणाली बसवण्याचा सगळा मजकूर एकत्र बांधलेली फाइल) नव्याने डाउनलोड करतात. यात तासन्‌तास जातात, आणि बऱ्याचदा दोष पेनड्राइव्हमध्ये नसतोच. संगणक सुरू होणे ही एकच घटना नसून ती हस्तांतरांची मालिका आहे. मदरबोर्डवरील फर्मवेअर (यंत्रातच साठवलेला, सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) पेनड्राइव्ह शोधते, त्यावरची बूट फाइल उचलते, ती फाइल कर्नल (संगणकप्रणालीचा गाभा) चालू करते, कर्नल इन्स्टॉलर सुरू करतो, इन्स्टॉलर संगणकातील डिस्क शोधून तिच्यावर फाइली उतरवतो, आणि शेवटी पुढच्या वेळी कुठून सुरू व्हायचे याची नोंद फर्मवेअरमध्ये करून ठेवतो. यांपैकी प्रत्येक ठिकाणचा बिघाड वेगळा असतो आणि त्याची खूणही वेगळी असते. म्हणून ‘बूट होत नाही’ असे म्हणून न थांबता पडद्यावर शेवटचे काय दिसले, हे आधी लिहून ठेवावे. बहुतेक वेळा निदान त्या एका ओळीतच दडलेले असते.

पेनड्राइव्ह तयार करताना

सर्वांत साधी चूक म्हणजे डाउनलोड केलेली आयएसओ फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर कॉपी करणे. बंद पेटी घरात आणून ठेवली म्हणून तिच्यातली भांडी मांडणीवर लागत नाहीत, तसेच हे आहे. फर्मवेअर आयएसओच्या आत डोकावून पाहत नाही. वेंटॉय या सॉफ्टवेअरने तयार केलेला पेनड्राइव्ह मात्र याला अपवाद आहे, कारण त्यावर स्वतःचा बूटलोडर (पुढची प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) असतो आणि त्यात ठेवलेल्या आयएसओ फाइलींची यादी दाखवून निवडलेली फाइल तो उघडतो.

फर्मवेअर नेमके काय शोधते, हे संगणकाच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचला जातो. त्यातील ४४६ बाइट बूट करणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या (डिस्कच्या भागांच्या) नोंदींसाठी आणि उरलेले दोन बाइट ‘हा तुकडा बूट करण्याजोगा आहे’ हे सांगणाऱ्या खुणेसाठी राखलेले असतात. या रचनेला एमबीआर म्हणतात. नव्या यूईएफआय पद्धतीत हा खटाटोप नाही. तिथे फर्मवेअर फॅट प्रकारचे (फाइली मांडून ठेवण्याच्या एका साध्या पद्धतीचे) पार्टिशन उघडते, त्यातील ‘ईएफआय’ फोल्डरच्या आतल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘बूटएक्स६४’ नावाची ईएफआय फाइल शोधते आणि सापडली की चालवते. त्यामुळे यूईएफआय संगणकासाठी फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर आयएसओमधील मजकूर नुसता उलगडून ठेवला, तरी तत्त्वतः काम व्हायला हवे.

मात्र इथे एक अडथळा येतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. फॅट३२ मध्ये एका फाइलचा आकार चार गिगाबाइटांपर्यंत पोहोचू शकत नाही. मर्यादा त्याहून एका बाइटने कमी आहे. विंडोजच्या आयएसओमधील ‘इन्स्टॉल.विम’ ही मुख्य फाइल हल्ली या मर्यादेच्या पुढे गेलेली असते. परिणामी १६ जीबीचा पेनड्राइव्ह जवळजवळ रिकामा असतानाही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो आणि माणूस गोंधळून जातो. फॅट३२ सोडून एनटीएफएस ही विंडोजची फाइल-मांडणी वापरावी, तर अनेक संगणकांच्या फर्मवेअरला एनटीएफएस वाचताच येत नाही. यावर तीन वेगवेगळे मार्ग प्रचलित आहेत. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे मीडिया क्रिएशन टूल ती फाइल अधिक दाबलेल्या ‘ईएसडी’ रूपात आणते आणि फॅट३२ मध्ये बसवते. रूफस हे सॉफ्टवेअर मुख्य पार्टिशन एनटीएफएस ठेवून शेजारी एक इवलेसे फॅट पार्टिशन करते; त्यातील छोटा प्रोग्राम फर्मवेअरला एनटीएफएस वाचायला शिकवतो. तिसरा मार्ग म्हणजे विंडोजमधील डिझम या साधनाने त्या फाइलचे तुकडे करणे. ‘एसडब्ल्यूएम’ नावाचे हे तुकडे इन्स्टॉलर आपले आपण जोडून घेतो. ज्याला कुठलीही विशेष गरज नाही, त्याने पहिला मार्ग धरावा. त्याला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, फक्त त्यावरचे आधीचे सर्व काही पुसले जाते.

रूफसमध्ये ‘एमबीआर की जीपीटी (यूईएफआयबरोबर वापरली जाणारी नवी पार्टिशन-रचना)’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा ज्या संगणकावर आपण बसलो आहोत त्याचा विचार न करता ज्यावर इन्स्टॉल करायचे आहे त्याचा विचार करून उत्तर द्यावे. गेल्या दहा-बारा वर्षांतील जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपसाठी उत्तर जीपीटी आणि यूईएफआय हेच आहे.

लिनक्सचे बहुतेक आयएसओ मुळातच दुहेरी स्वरूपाचे (डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह दोन्हींवर चालणारे) असतात आणि ते पेनड्राइव्हवर बाइट-बाय-बाइट उतरवले तरी चालतात. एचर हे सॉफ्टवेअर तेच करते. त्यानंतर तो पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला की त्याची क्षमता भलतीच कमी दिसते किंवा ‘फॉरमॅट करा’ असा आग्रह सुरू होतो, आणि पेनड्राइव्ह खराब झाला असे समजून कित्येक जण तो टाकून देतात. त्याला काहीही झालेले नसते. विंडोजमधील डिस्कपार्ट साधनात तो पेनड्राइव्ह निवडून ‘क्लीन’ ही आज्ञा दिली आणि नव्याने पार्टिशन केले की पूर्ण क्षमता परत मिळते. फक्त डिस्कचा क्रमांक निवडताना डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण डिस्कपार्ट ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही, आणि चुकून मुख्य डिस्कचा क्रमांक दिला तर सगळ्यावर पाणी पडते.

डाउनलोड अर्धवट किंवा बिघडलेले नाही ना, हे तपासायला एसएचए-२५६ ही अंकाक्षरांची ओळख-खूण असते. ती संकेतस्थळावर दिलेली असते. विंडोजमधील सर्टयुटिल किंवा लिनक्समधील एसएचए२५६सम या आज्ञेने आपल्या फाइलची खूण काढून दोन्ही जुळवून पाहाव्यात. दोन मिनिटांचे हे काम बहुतेक लोक टाळतात आणि नंतर त्याची किंमत मोजतात. त्याचबरोबर फार स्वस्तात मिळालेल्या मोठ्या क्षमतेच्या पेनड्राइव्हवरही विश्वास ठेवू नये. ६४ जीबी असे छापलेल्या वस्तूत प्रत्यक्षात बरीच कमी साठवण असू शकते, आणि जागा संपल्यावर ती लिहिलेला मजकूर निमूटपणे गिळते. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही मोफत साधने हा बनाव उघड करतात.

संगणकाला पेनड्राइव्ह दिसतच नाही

बूट मेन्यू उघडण्याची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी असते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप, तर एमएसआयच्या मदरबोर्डवर एफ११ चालते. एसरच्या अनेक लॅपटॉपांवर एफ१२ चा मेन्यू मुळात बंद असतो आणि तो आधी बायोसच्या (म्हणजे इथे फर्मवेअरच्या) सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

कळ बरोबर असूनही मेन्यू येत नसेल, तर बहुधा विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ कारणीभूत असते. हे चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ते एक प्रकारची झोप घेते. त्यात फर्मवेअरमधील ‘फास्ट बूट’ चालू असेल तर सुरुवातीची यूएसबी तपासणीच टाळली जाते. ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ केल्यास हा प्रश्न सहसा सुटतो. त्याहून सोपे म्हणजे शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करावे आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय घ्यावा. कळ वेळेवर दाबण्याची कसरतच उरत नाही.

मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ती चूक नव्हे. नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेली नोंद नव्या पद्धतीने बूट करते, तर दुसरी जुन्या बायोस पद्धतीने. इन्स्टॉलर ज्या पद्धतीने सुरू होतो, त्याच पद्धतीने तो विंडोज बसवतो, त्यामुळे इथली निवड पुढच्या टप्प्यापर्यंत आपला पाठलाग करते. तिचा परिणाम पुढे पाहू.

पेनड्राइव्ह कोणत्या यूएसबी पोर्टला लावला, याचाही विचार करावा. यूएसबी हब टाळून पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावावा. विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) नाहीत, म्हणून तो नव्या यंत्रावर सुरू होतो खरा, पण लगेच ‘ड्रायव्हर सापडत नाही’ असे म्हणून अडतो. ज्या पेनड्राइव्हवरून तो आला, तोच पेनड्राइव्ह त्याला दिसेनासा होतो. आणखी एक विचित्र जात म्हणजे दहाएक वर्षांपूर्वीचे इंटेल बे ट्रेल प्रोसेसरचे स्वस्त टॅबलेट-लॅपटॉप. त्यांचा प्रोसेसर ६४ बिटांचा, पण फर्मवेअर ३२ बिटांचे! त्यांना ‘बूटएक्स६४’ ऐवजी ‘बूटआयए३२’ ही फाइल लागते आणि ती नसेल तर पेनड्राइव्ह कितीही निर्दोष असला तरी यादीत दिसत नाही.

सिक्युअर बूटची आडकाठी

पेनड्राइव्ह दिसला, निवडला, आणि ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ असा इशारा आला, तर फर्मवेअरने बूट फाइल वाचली पण तिच्या सहीवर विश्वास ठेवला नाही, असा त्याचा अर्थ. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट सर्वसामान्य संगणकांत आले. त्याचे तत्त्व सरळ आहे : ज्या बूटलोडरवर ओळखीच्या किल्लीची डिजिटल सही आहे तोच चालू द्यायचा. बहुतेक संगणकांत ही किल्ली मायक्रोसॉफ्टची असते, आणि म्हणून उबुंटू, फेडोरा यांसारखी लिनक्सची वितरणे (तयार आवृत्त्या) ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतात व पुढची साखळी त्याच्या आधारे उभी करतात.

अडचण अशी की सुरक्षेतील त्रुटी सापडल्या की जुन्या बूटलोडरांची मान्यता रद्द केली जाते. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अपडेटनंतर, विंडोज व लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना आणि ‘शिम’च्या पडताळणीत अपयश आल्याचा संदेश दिसू लागला, तो याच कारणाने. जुने लिनक्स पेनड्राइव्हही अशा यंत्रांवर त्याच कारणाने निकामी ठरले. दुसऱ्या बाजूने, मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपत जाते आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेतात. फर्मवेअर सहसा तारीख पाहून बूटलोडर नाकारत नाही, त्यामुळे चालू यंत्रे त्या दिवशी बंद पडत नाहीत. पण केवळ नव्या किल्लीची सही असलेला बूटलोडर, ती किल्ली न मिळालेल्या जुन्या यंत्राला अनोळखीच वाटणार.

सिक्युअर बूट सरसकट बंद करा, हा सल्ला फार सहज दिला जातो आणि तो मला पटत नाही. आधी सर्वांत नव्या आयएसओने पेनड्राइव्ह तयार करून पाहावा. काही लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या ‘थर्ड-पार्टी’ किल्लीला परवानगी देण्याचे स्वतंत्र बटण मुळात बंद ठेवलेले असते. लिनक्ससाठी तेवढे चालू करणे पुरते. एवढ्यावरही भागले नाही, तर सिक्युअर बूट इन्स्टॉलपुरते बंद करून नंतर पुन्हा चालू करावे.

मात्र फर्मवेअरमधील काहीही बदलण्यापूर्वी एक गोष्ट विसरून चालणार नाही. डिस्कवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरची माहिती कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर सिक्युअर बूटची स्थिती बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. अनेकांना आपली डिस्क कूटबद्ध आहे हे ठाऊकच नसते, कारण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास हे आपोआप चालू होते. ही रिकव्हरी की त्याच खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच बायोसला हात लावावा. ती रिकव्हरी की हरवली तर त्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रे कोणतेही दुकान परत काढून देऊ शकत नाही, मग ते काहीही सांगो.

इन्स्टॉलर सुरू झाला, पण डिस्क कुठे आहे?

विंडोजचा इन्स्टॉलर व्यवस्थित चालतो, भाषा विचारतो, आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर यादी रिकामी दाखवतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांवर हे सर्रास घडते. या यंत्रांत एसएसडी व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असू शकते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर असेलच असे नाही. अशा वेळी डिस्क मेली असे समजून नवी विकत घेण्याआधी लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा, तो उलगडून त्यातील ‘आयएनएफ’ फाइली असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवावा. नुसती सेटअपची फाइल ठेवून उपयोग होत नाही; इन्स्टॉलरला ती उघडता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडीच बंद करणे. डिस्क पूर्ण पुसायची असेल तर हा मार्ग सोपा आहे. पण त्या डिस्कवरचे आधीचे विंडोज ठेवायचे असेल, तर ते नंतर निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत कोसळते. उबुंटूसाठी जुन्या यंत्रावर ‘आरएसटी’ (इंटेल रॅपिड स्टोरेज)ऐवजी ‘एएचसीआय’ ही डिस्क जोडण्याची पद्धत निवडतानाही हेच होते. तिथे आधी विंडोजला ‘सेफ मोड’मध्ये सुरू होण्यास सांगावे, मग बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यावे आणि नंतर ती सूचना काढून टाकावी, त्या एका फेरीत विंडोज योग्य ड्रायव्हर लावून घेते.

डिस्क दिसते, पण ‘या डिस्कवर एमबीआर रचना आहे, ईएफआय यंत्रणेत विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसते’ असे म्हणून इन्स्टॉलर नकार देतो, तो मघाच्या दोन नोंदींचा परिणाम. पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने सुरू झाला आणि डिस्क जुन्या पद्धतीची राहिली. डिस्कवरचे काहीच नको असेल तर सगळी पार्टिशने हटवून मोकळी जागा निवडली की इन्स्टॉलर स्वतः जीपीटी रचना करतो. माहिती ठेवायची असेल, तर विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून मिळणारे एमबीआर२जीपीटी हे साधन रूपांतर करून देते, तरीही आधी बॅकअप हवाच. संगणकात दोन डिस्क असतील तर इन्स्टॉल करताना दुसरी काढून ठेवणे उत्तम. नाहीतर विंडोज एका डिस्कवर आणि त्याची बूट फाइल दुसऱ्या डिस्कवर, असा संसार थाटला जातो आणि पुढे ती दुसरी डिस्क काढली की विंडोज सुरू होत नाही.

फाइली उतरताना मधेच त्रुटी आली, तर टक्केवारीकडे लक्ष द्यावे. प्रत्येक वेळी त्याच आकड्यावर अडत असेल, तर आयएसओ किंवा पेनड्राइव्हवरील एखादी विशिष्ट फाइल बिघडलेली असण्याचा संभव अधिक. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा आणि ती तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावे. आवृत्तीबाबतही एक खुलासा हवा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांबरोबर ‘होम सिंगल लँग्वेज’ येते आणि तिची परवाना-की फर्मवेअरमध्ये साठवलेली असते. म्हणून इन्स्टॉलर आवृत्ती न विचारता तीच निवडतो. पेनड्राइव्हमध्ये बिघाड नसतो.

पहिल्या रीस्टार्टनंतर

इन्स्टॉल झाले, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि इन्स्टॉलर पुन्हा पहिल्यापासून भाषा विचारू लागला, तर बूटच्या क्रमात पेनड्राइव्ह अजून वर आहे, एवढेच झाले आहे. तो काढून घ्यावा. विंडोज ११ पुढे इंटरनेट मागते आणि नेमका वाय-फायचा ड्रायव्हर तिथे नसतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ (फोनचे इंटरनेट संगणकाला देणे) चालू केले की बहुधा काम भागते.

लिनक्स सुरू होताना एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डामुळे पडदा काळा राहत असेल, तर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या मेन्यूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडावे, आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर बसवावा. सगळे नीट होऊनही ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आले, तर शेवटचा टप्पा फसला आहे : बूटलोडर डिस्कवर आहे, पण फर्मवेअरच्या यादीत त्याची नोंद नाही. काही फर्मवेअर तर फक्त विंडोजच्या ठरलेल्या पत्त्यावरच पाहतात. लाइव्ह (इन्स्टॉल न करताच लिनक्स चालवणाऱ्या) पेनड्राइव्हवरून, तोही ‘यूईएफआय’ नोंद निवडूनच, आत जाऊन ईएफआयबूटएमजीआर या साधनाने नोंद पुन्हा करता येते. ती टिकत नसेल, तर बूट फाइलची प्रत डिस्कवरच्या ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘बूट’मध्ये ‘बूटएक्स६४’ या नावाने ठेवावी, म्हणजे फर्मवेअरला ती नोंदीशिवायही सापडते.

आणि विंडोज व लिनक्स शेजारी शेजारी बसवल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागले, तर मदरबोर्डवरची बॅटरी बदलायला धावू नये. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की दोघांचे जुळते.